ह्युमिक ड्रिपमधून सोडताना फाटतं का? माती तपासण्यापासून फिल्टर धुण्यापर्यंतची पद्धत

गेल्या हंगामात फिल्टरचे इतके फोटो आले की आता एकदाच सगळं लिहून काढतोय. फोटो सगळे सारखेच, डिस्क फिल्टर उघडलाय, डिस्कवर काळा चिकट थर, बोटाने ओढला तर काजळासारखा पसरतो, आणि खाली प्रश्न: "दादा हे काय झालं, पावडर डुप्लिकेट होती का?" बऱ्याच वेळा ह्युमिकची पावडर ठीक असते. मिसळायचा क्रम चुकलेला असतो, नाहीतर पाणी जड (कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं) असतं, नाहीतर कालच ॲसिड सोडून लाईन धुतलेली नसते.

दुसरी चूक याहून मोठी आहे आणि ती फिल्टरवर दिसत नाही. सेंद्रिय कर्ब वाढवायचा म्हणून लोक ह्युमिक आणतात, आणि शेणखत बंद करतात. त्याचाही हिशोब खाली मांडलाय, तो वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.

## आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा

मातीतल्या किंवा लिओनार्डाइटसारख्या कोळशातल्या काळ्या सेंद्रिय पदार्थाचे तीन भाग करतात, आणि ते फक्त कशात विरघळतं यावरून करतात. अल्कलीत विरघळतं पण आम्लात गाळ होऊन खाली बसतं ते ह्युमिक ॲसिड. अल्कलीत, आम्लात, दोन्हीकडे विरघळलेलंच राहतं ते फुल्विक. कशातच विरघळत नाही ते ह्युमिन. बस, एवढीच व्याख्या आहे, ह्युमिक ॲसिड नावाचा एक ठरलेला रेणू नसतो, तो हजारो वेगवेगळ्या तुकड्यांचा गोळा असतो.

आता नावात ॲसिड आहे म्हणून लोकांना वाटतं की ते आम्लधर्मी असणार आणि बोअरच्या पाण्याचा पीएच खाली आणणार. उलटं आहे. दुकानात मिळतं ते पोटॅशियम ह्युमेट, म्हणजे कोळशातलं ह्युमिक पोटॅशच्या अल्कलीत विरघळवून बनवलेलं मीठ, आणि त्याच्या द्रावणाचा पीएच ९ ते ११ च्या आसपास असतो. त्या रेणूंवर कार्बोक्झिल आणि फिनॉल असे गट असतात, अल्कलीत त्यांच्यावर ऋण भार येतो, भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात पसरून राहतात. तुम्ही आम्ल घातलं की तो भार जातो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, जस्त घातलं की त्यांचा धन भार या ऋण भाराला मारतो आणि दोन-दोन तुकड्यांना एकत्र बांधतोही. दोन्ही बाबतीत निकाल एकच, लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं द्रावण फाटतं.

खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत. मिसळायच्या बाबतीत "हे चालेल का ते चालेल का" याची बहुतेक उत्तरं तुम्हाला यातूनच मिळतील.

## टप्पा १: ह्युमिक आणण्याआधी मातीचा सेंद्रिय कर्ब तपासा

नमुना चुकीचा घेतला तर पुढची सगळी मेहनत वाया. एका एकसारख्या प्लॉटमधून नागमोडी चालत ८-१० जागा निवडायच्या, वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, हंगामी पिकासाठी १५ ते २० सेंमी खोल, आणि खड्ड्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीची कड तासून घमेल्यात घ्यायची. सगळ्या जागांची माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची, उन्हात नाही.

फळबागेत ड्रिपरच्या खालची माती वेगळी आणि दोन ओळींमधली वेगळी असते. ड्रिपरखालून घेतलेल्या मातीत शेणखत, स्लरी, खत सगळं साचलेलं असतं, तिथला कर्ब जास्त दिसतो आणि माणूस खूश होतो. बागेत मुळांच्या भागातलाच नमुना घ्यायचा असला तरी सगळीकडून तो त्याच अंतरावरून घ्या, आणि खोलीनुसार थर वेगळे ठेवा.

हे टाळा:
- शेणखताच्या ढिगाची जागा, बांधाकडेची, झाडाच्या सावलीतली, गुरं बसतात तिथली माती.
- खत टाकल्यावर लगेच घेतलेला नमुना.
- खताची रिकामी गोणी नमुन्यासाठी वापरणं (हे अजूनही होतं!).

रिपोर्ट आला की पहिल्यांदा शब्द बघा. "सेंद्रिय कर्ब" लिहिलंय की "सेंद्रिय पदार्थ"? दोन वेगळे आकडे आहेत. सेंद्रिय पदार्थात साधारण ५८ टक्के कर्ब धरतात, म्हणून कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ मिळतो. ०.५० टक्के कर्ब म्हणजे ०.८६ टक्के सेंद्रिय पदार्थ. एका वर्षी एका प्रयोगशाळेतून कर्ब, दुसऱ्या वर्षी दुसरीकडून पदार्थ, आणि दोन्हींची तुलना करून "वर्षात कर्ब दीडपट झाला" म्हणणारे रिपोर्ट मी स्वतः पाहिलेत.

वाचायला सोपं म्हणून: ०.५० च्या खाली कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम, ०.७५ च्या वर जास्त. काही रिपोर्टमध्ये याचे सहा वर्ग पाडलेले असतात, त्यात ०.२० च्या खाली अत्यंत कमी आणि १ च्या वर अत्यंत जास्त.

प्रयोगशाळेत बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात, म्हणजे मातीतला कर्ब पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्लाने जाळायचा, आणि किती डायक्रोमेट उरलं ते फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. यातल्या दोन गोष्टी शेतकऱ्याला माहीत हव्यात. एक, या पद्धतीत सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून आकड्याला १.३ ने गुणतात, म्हणून दशांशातल्या दुसऱ्या अंकाच्या फरकावर भांडू नका, ०.५२ आणि ०.५५ एकच समजा. दोन, क्षारपड जमिनीत क्लोराईड जास्त असेल तर तेही डायक्रोमेट खातं आणि कर्ब उगाच जास्त दिसतो. जमीन खारवट असेल तर लॅबवाल्यांना आधी सांगा, ते आम्लात सिल्व्हर सल्फेट वापरून तो त्रास कमी करू शकतात.

तपासणी: रिपोर्टवर पीएच, ईसी (क्षार किती ते) आणि मुक्त चुनखडी हे तीन आकडे आहेत का? नसतील तर मागून घ्या, पुढे लागणार आहेत.

## टप्पा २: हिशोब करा, ह्युमिक कशासाठी आणताय

एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. वरची १५ सेंमी माती धरली आणि घनता १.३ धरली तर सुमारे ७९० टन होते, सोयीसाठी ८०० टन म्हणू, म्हणजे ८ लाख किलो. या मातीत सेंद्रिय कर्ब फक्त ०.१ ने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब मातीत टिकला पाहिजे. तुमच्या एक किलो ह्युमेटच्या पाकिटात, अगदी सगळं शुद्ध धरलं तरी, कर्ब अर्धा किलोच्या आसपास.

म्हणजे १६०० पाकिटं.

हा हिशोब एकदा वहीत स्वतःच्या हाताने करा. ह्युमिकने कर्ब वाढत नाही, वाढूच शकत नाही, प्रमाणच तेवढं नाही. मग ते कशासाठी? पांढरी मुळी फुटायला मदत, लोह-जस्तासारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून ठेवून मुळापर्यंत पोचवायला मदत, एवढ्यासाठी. २०१४ मध्ये जगभरातले बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले होते तेव्हा फुटवा आणि मुळं दोन्हींच्या वाळलेल्या वजनात सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली, पण पदार्थ कुठला, मात्रा किती, जमीन कशी यावर तो फरक खूप खालीवर होता. म्हणून शेजाऱ्याला आलेला रिझल्ट तुम्हाला येईलच असं नाही, तो तुमच्या शेतात मोजायचा कसा ते शेवटच्या टप्प्यात आहे.

अजून एक. काळ्या जमिनीत चिकणमातीच इतकी जास्त आणि तिची अन्नद्रव्यं धरायची ताकद इतकी मोठी की किलोभर ह्युमिकने त्यात मोजता येईल अशी भर पडत नाही. कोकणातल्या, गोव्यातल्या जांभ्या जमिनीत चिकणमातीची ती ताकद फार कमी असते, तिथे सेंद्रिय पदार्थाची किंमत जास्त, पण तिथेही ती किंमत कंपोस्ट आणि पालापाचोळ्याची, पाकिटाची नाही.

## टप्पा ३: पाकीट उघडल्यावर बाटलीतली परीक्षा

लेबल आधी. २०२१ पासून ह्युमिक-फुल्विक ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारा पदार्थ) म्हणून आलीत, त्यामुळे पाकिटावर घटक आणि टक्केवारी, बॅच, कुणी बनवलं हे सगळं हवं, आणि पक्कं बिल घ्या. "९८%" असं मोठ्या अक्षरात असेल तर खाली बारीक अक्षरात ते कशाचं ९८ आहे ते वाचा. कधी ते विद्राव्यतेचं असतं, ह्युमिकचं नसतं. शिवाय रंगावरून मोजणाऱ्या पद्धतीत जे जे काळं ते ते ह्युमिक धरलं जातं. गाळ पाडून, वाळवून, राख वजा करून मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ १९८२२, मोठी खरेदी असेल तर विक्रेत्याकडे त्या पद्धतीचा रिपोर्ट मागा.

आता घरची परीक्षा. तीन पारदर्शक काचेच्या बाटल्या, पावसाचं किंवा आरओचं पाणी, आणि ड्रिप धुवायला आणलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडंसं.

सांभाळा: हातमोजे आणि चष्मा घालूनच, उघड्यावर. ॲसिड पाण्यात थेंबाथेंबाने, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. पोरांना लांब ठेवा.

१. पहिल्या बाटलीत लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम पावडर. हलवून तासभर ठेवा, मग पांढऱ्या सुती कापडातून गाळा. कापडावर बारीक वाळू किंवा कोळशाची भुकटी राहिली तर ती न विरघळलेली आहे, तेवढी तुमच्या फिल्टरवर जाणार होती.

२. गाळलेल्या द्रावणातलं अर्धा कप दुसऱ्या बाटलीत घ्या, तेवढंच पाणी घाला, ॲसिडचे थेंब टाकत हलवा. खरं ह्युमिक असेल तर काही मिनिटांत बारीक गोळे दिसायला लागतात, अर्ध्या तासात काळा चोथा तळाला आणि वर चहासारखं फिकट पाणी. चोथा बसलाच नाही, सगळं तसंच एकसारखं तपकिरी राहिलं, तर त्यात मळी (मोलॅसिस) किंवा कागद कारखान्यातलं लिग्नोसल्फोनेट असू शकतं, ती दोन्ही आम्लात फाटत नाहीत.

३. वरचं पाणी ओतून टाका, तळाच्या चोथ्यावर साधं पाणी घाला आणि चिमूट-चिमूट धुण्याचा सोडा. फेस येईल, बाटलीचं झाकण उघडंच ठेवा. फेस थांबल्यावर अजून थोडा सोडा घालून हलवलं की चोथा परत विरघळून काळंभोर होतं. हे पाहिलं की वर सांगितलेली गोष्ट कायमची लक्षात राहते.

दोन सूचना. फुल्विक म्हणून आणलेलं उत्पादन या परीक्षेत फाटणार नाही, कारण ते फाटायचं नसतंच, म्हणून त्याला डुप्लिकेट म्हणू नका. आणि चोथा पडला म्हणजे ह्युमिक आहे एवढंच कळलं, किती आहे ते कळलं नाही.

## टप्पा ४: तुमच्याच पाण्यात रात्रभर ठेवा

फिल्टर जाम झालेल्यांपैकी बहुतेकांनी हा टप्पा सोडलेला असतो. वरची परीक्षा मऊ पाण्यात केली, आता तिसऱ्या बाटलीत आपल्या बोअरचं पाणी. पुन्हा लिटरला ५ ग्रॅम, कारण २०० लिटरच्या ड्रममध्ये १ किलो टाकलं की तेच प्रमाण होतं. झाकण लावून रात्रभर ठेवायची, सकाळी न हलवता उचलून उजेडात धरायची आणि तळ बघायचा. नंतर हळूच तिरकी करायची. तळाशी मऊ काळा थर सरकताना दिसला तर पाणी जड आहे, कॅल्शियम-मॅग्नेशियमने ह्युमेट फोडलंय.

जड पाण्याची खूण तुम्हाला घरात आधीच दिसत असते, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचतं. अशा ठिकाणी ड्रमचं द्रावण तरी पावसाच्या पाण्यात करा. शेततळ्याचं पाणी चालतं, पण ते शेततळं पावसाने भरलंय की बोअरने, ते आठवा, बोअरने भरलं असेल तर ते बोअरचंच पाणी.

ड्रममधलं घट्ट द्रावण पुढे मेन लाईनमध्ये खूप पातळ होतं आणि तिथे थोड्या वेळासाठी बहुतेक वेळा निभावतं. खरा घात ड्रममध्ये होतो, जिथे सगळं घट्ट असतं आणि तासन् तास बसून राहतं.

ज्या खतासोबत द्यायचं मनात आहे ते खत घालूनही एक बाटली करा, ड्रममध्ये जेवढं घट्ट होणार तेवढंच घट्ट, दोन तास ठेवून. ही यादी मी बाटल्या करून करून पक्की केलीय:

- ड्रममध्ये कधीच एकत्र नको: कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, फेरस सल्फेट, झिंक सल्फेट, फॉस्फरिक ॲसिड, १७:४४:०० (हे आकडे नत्र:स्फुरद:पालाशचे). शेवटची दोन तर सरळ आम्लच.
- धोक्याचे: १२:६१:०० आणि ००:५२:३४, दोन्हींचं द्रावण आम्लधर्मी असतं. वेगळ्या दिवशी द्या.
- अमोनियम सल्फेट: घट्ट द्रावणात अमोनियाचा वास यायला लागतो, म्हणजे नत्र हवेत चाललंय.
- जमतं: युरिया. १३:००:४५ पण बहुतेक वेळा जमतं, तरी बाटली करा.
- चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं: ईडीटीए रूपातली सल्फेटपेक्षा बरी, पण बाटलीशिवाय नको.

## टप्पा ५: ड्रममध्ये द्रावण करणं, क्रम हाच

१. ड्रम प्लॅस्टिकचा, आतून धुतलेला. आदल्या दिवशी त्यात कॅल्शियम नायट्रेट कालवलं असेल तर दोनदा धुवा, तळाशी राहिलेलं मगभर पाणीसुद्धा पुरेसं असतं.

२. आधी पाणी, ड्रमच्या पाऊण भागापर्यंत. पावडर टाकून वरून पाणी सोडलं की तळाशी गोळे धरतात, बाहेरून ओले आतून कोरडे, आणि ते काठीने फुटत नाहीत.

३. पावडर एका हाताने भुरभुरत, दुसऱ्या हाताने काठी फिरवत. वाऱ्याच्या दिशेला पाठ करा, तोंडाला रुमाल बांधा. ५ ते १० मिनिटं ढवळा, सावलीत झाकून तास-दोन तास ठेवा, पुन्हा ढवळा.

४. उरलेलं पाणी घालून ड्रम भरा. युरिया द्यायचा असेल तर तो वेगळ्या बादलीत विरघळवून आता घाला.

५. दुसऱ्या ड्रममध्ये सुती कापडातून किंवा बारीक नायलॉन जाळीतून गाळा. तळाचं शेवटचं ४-५ लिटर व्हेंचुरीला (ड्रममधलं द्रावण ओढून ड्रिपच्या लाईनमध्ये सोडणारी जोडणी) देऊ नका, सरळ बांधावरच्या झाडाला टाका.

मात्रा लेबलप्रमाणे. पावडरला एकरी अर्धा ते एक किलो एका वेळेला अशा मात्रा सहसा असतात. दुप्पट टाकून दुप्पट मुळी फुटत नाही, जास्त मात्रेत उलट परिणामही होतो, आणि पैसे तर जातातच.

तपासणी: कापडावर काय राहिलं ते बघा. चमचाभर भुकटी चालते. मूठभर चिकट चोथा असेल तर थांबा, ते द्रावण फाटलेलं आहे, व्हेंचुरी सुरू करू नका.

## टप्पा ६: ड्रिपमधून सोडणं

जमीन वाफशावर हवी, कोरडी भेगाळलेलीही नको आणि चिखलही नको. आधी साधं पाणी १०-१५ मिनिटं, म्हणजे सगळीकडे दाब एकसारखा होतो. मग व्हेंचुरीने ह्युमिक, घाई न करता, ड्रम अर्ध्या-पाऊण तासात संपेल असा. मग परत साधं पाणी किमान १५-२० मिनिटं, आणि शेवटच्या लॅटरलचं (ड्रिपर असलेल्या बारीक नळीचं) एंड कॅप उघडून बघायचं, पाणी स्वच्छ येतंय का. चहाचा रंग असेल तर अजून चालवा. बरेच जण ड्रम संपला की मोटर बंद करतात, मग लाईनमध्ये राहिलेलं पाणी दिवसभर तापतं, उडतं, घट्ट होतं आणि ड्रिपरच्या बारीक वाटेत वाळतं.

ॲसिड ट्रीटमेंट आणि ह्युमिक यात निदान दोन-तीन दिवस आणि मध्ये एक पूर्ण साध्या पाण्याचं आवर्तन. क्लोरीन किंवा ब्लीचिंगही त्याच दिवशी नको, ते ह्युमिकलाच जाळण्यात खर्ची पडतं.

सांभाळा: ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येऊ देऊ नका, एकाच ड्रममध्ये तर नाहीच. क्लोरीन वायू सुटतो आणि तो जीव घेऊ शकतो.

## फिल्टर जाम झालाच तर

इथे जवळजवळ सगळे चुकतात. सवयीने ॲसिड टाकतात. चुनखडीचा पांढरा थर ॲसिडने जातो, पण ह्युमिकचा काळा थर ॲसिडने जाऊच शकत नाही, टप्पा ३ मधली दुसरी बाटली आठवा. गेल्या उन्हाळ्यात एका डाळिंबाच्या बागेत मी स्वतः हे पाहिलं. ह्युमिक आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच ड्रममध्ये गेलं होतं, सकाळी शेवटच्या चार ओळींना पाणी पोचेना, मग त्यांनी ॲसिड सोडलं, आणि संध्याकाळी आठ ओळी बंद. ड्रिपर उघडला तर आत काळी जेली आणि वर तिचाच कडक झालेला पापुद्रा. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे, बहार धरलेली बाग होती.

काळ्या थराला अल्कली लागते. डिस्क काढून बादलीत टाका, १० लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा, तीन-चार तास. सोड्यातलं कार्बोनेट कॅल्शियमला ओढून घेतं आणि ह्युमेट मोकळं होतं, पाणी काळं होत जाताना दिसतं. मऊ ब्रशने घासा, साध्या पाण्याने दोनदा धुवा. त्यानंतर पांढरा थर उरला असेल तर दुसऱ्या दिवशी सौम्य ॲसिड.

हा सोडा लॅटरलमधून मात्र सोडू नका, जड पाण्यात तो लाईनमध्येच चुना पाडेल आणि सोडियम जमिनीत जाईल, आधीच चोपण होऊ घातलेली जमीन अजून बिघडेल. लॅटरलसाठी एंड कॅप उघडून जास्तीत जास्त दाबाने, एका वेळी थोड्याच ओळी, फ्लश करत राहायचं. न निघालेले ड्रिपर बदलायचे.

## गोवऱ्या भिजवून "घरचं ह्युमिक": खरं काय

जुन्या गोवऱ्या ड्रममध्ये सात-आठ दिवस भिजवायच्या आणि लालसर पाणी निघालं की ते ह्युमिक ॲसिड, असं खूप फिरतंय. साध्या पाण्यात ह्युमिक फारसं उतरत नाही, त्याला अल्कली लागते. जे उतरतं ते विरघळणारं सेंद्रिय द्रव्य, थोडं पोटॅश, थोडं नत्र. विश्वास नसेल तर त्याच पाण्यावर ॲसिडची परीक्षा करा, तळाशी किती चोथा बसतो ते बघा आणि ह्युमेटच्या बाटलीशेजारी ठेवा. ते पाणी झाडाला द्यायला काहीच हरकत नाही, पण कापडातून दोनदा गाळून, आणि त्याला ह्युमिक समजून बाकीचं नियोजन करू नका. गोवऱ्यांमध्ये कॉस्टिक सोडा घालून काढायचे प्रयोगही काही जण करतात, ते शेतात करू नका, डोळे जातात, आणि ते सगळं सोडियम मुळाशी जातं.

## टप्पा ७: कर्ब वाढवायचं काम वेगळं, तेही सोबत सुरू करा

पूर्वी असं मानायचे की मातीत ह्युमस नावाचा टणक रेणू तयार होतो आणि तो टणक असतो म्हणून टिकतो. २०१५ मध्ये योहानेस लेहमान आणि मार्कुस क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी ती समजूत जोरदारपणे खोडली. कर्ब टिकतो तो मातीच्या कणाला चिकटून, ढेकळांच्या आत लपून, जीवाणूंच्या हाताला लागत नाही म्हणून. याचा आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: दर हंगामात चार-चार वेळा रोटर मारला की ती ढेकळं फुटतात, आतला कर्ब उघडा पडतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात झपाट्याने जळतो.

५ टन शेणखत टाकलं तरी त्यात निम्मं पाणी, उरलेल्यात माती, हाती कर्ब काही शे किलो, आणि त्यातलाही बराचसा वर्षभरात कार्बन डायऑक्साईड होऊन जातो. म्हणून हे एकदा करून संपत नाही, दरवर्षी करावं लागतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच टाका, हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता मातीचा वास यावा, काडी बोटाने मोडावी.

ऊसवाल्यांनी पाचट पेटवू नये, कळकळीने सांगतो. खोडव्यात पाचट सरीत दाबून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक, वरून पाणी. युरिया का, तर पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, कुजवणारे जीवाणू ते नत्र जमिनीतून उचलतात आणि पीक पिवळं पडतं. पाचट घालून ऊस पिवळा पडला म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा हा युरिया टाकलेला नसतो. ताग-धैंचा गाडायचा तर फुलोऱ्याला येताना, जून झाल्यावर नाही.

## टप्पा ८: फरक पडला की नाही, मोजा

ह्युमिक देताना चार ओळींचे कॉक बंद ठेवा, एका कडेच्या दोन आणि मधल्या दोन. ह्युमिकचा ड्रम संपल्यावर त्यांना तेवढंच साधं पाणी आणि युरिया दिला असेल तर तेवढाच युरिया. ओळींना रंगीत दोरी बांधा, नाहीतर पंधरा दिवसांत विसरायला होतं. तीन आठवड्यांनी दोन्हीकडच्या पाच-पाच झाडांजवळ ड्रिपरपासून वीतभर अंतरावर खुरप्याने एकसारखा खड्डा घ्या, माती बादलीत भिजवून हळूच धुवा आणि पांढरी मुळी पांढऱ्या कापडावर मांडून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. सेंद्रिय कर्बाची तपासणी मात्र इतक्यात नको, ती दोन-तीन वर्षांनी, त्याच महिन्यात, त्याच जागांवरून, त्याच खोलीवरून आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करा.